श्रीलंकेची पक्षीसहल आणि खिशातला स्पीकर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला श्रीलंकेच्या पक्षीसहलीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा हेव्याने, कारण लेखकाला आठ दिवसांत जे दिसलं त्यातलं बरंचसं मला दहा दिवसांतही दिसलं नव्हतं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. त्या पेन्सिलीच्या खुणांचं हे पत्र झालंय.

आधी किरकोळ गोष्ट उरकते. एका फोटोखाली 'आपल्याकडचाच रानकोंबडा' असं छापलंय. तो आपल्याकडचा नाही. तो श्रीलंकेचा राष्ट्रीय पक्षी, सिंहलीत 'वळि कुकुळा', आणि त्या बेटाबाहेरच्या कुठल्याही जंगलात तो सापडत नाही. ओळखायला तुरा पाहायचा: लाल तुऱ्याच्या मधोमध पिवळा पट्टा असतो. आपल्या राखी रानकोंबड्याला तो नसतो. चूक छोटी आहे, पण दुसऱ्याच्या राष्ट्रीय पक्ष्याच्या बाबतीत झाली आहे, म्हणून लिहिलं.

आता मूळ मुद्दा. लेखभर 'मिळवला' हे क्रियापद आहे. लाल तोंडाचा मलकोहा मिळवला, निळा मॅगपाय मिळवला, शेवटच्या दिवशी राहिलेलं एक घुबडही मिळवलं. बेटावरच्या सगळ्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तिथेच सापडणाऱ्या, पक्ष्यांवर खूण झाली आणि सहल फत्ते. ही भाषा मला परकी नाही, मीही पक्षी पाहायला जाणाऱ्यांच्यात वर्षानुवर्षं वावरते आहे. 'लायफर', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, दिसला की माझ्याही पोटात गुदगुल्या होतात. पण हे सगळं 'मिळतं' कसं, याबद्दल लेखात एक ओळ नाही, आणि माझ्या मते तीच ओळ सर्वांत महत्त्वाची होती.

शिवाय 'सगळे' म्हणजे किती, तो आकडाही फारसा पक्का नसतो. श्रीलंकेत तीसहून जास्त पक्षी प्रदेशनिष्ठ मानतात. नेमके किती, हे तुम्ही कुठलं पुस्तक प्रमाण धरता यावर ठरतं. तिथला लाल पाठीचा सुतार पूर्वी आपल्याकडच्या सोनपाठी सुताराची उपजात गणला जाई, आता बहुतेक याद्यांत तो स्वतंत्र प्रजाती आहे. पक्षी तोच, झाड तेच, ढोलीही तीच. कागदावर मात्र एक खूण वाढली. एकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे माझी यादी घरबसल्या वाढली की!' वाढली खरी.

मी गेले होते फेब्रुवारीत. कितुलगल हे केलानी नदीकाठचं गाव, सखल भागातल्या पावसाळी जंगलाला लागून. तिथे तांबूस पाठीचा पिंगळा दिसतो. हा दिवसाही जागा असतो, पण उंच झाडांच्या शेंड्यात बसतो, त्यामुळे ऐकू येतो जास्त आणि दिसतो कमी. आमच्या मार्गदर्शकाने सकाळीच त्याचा आवाज टिपला, बोट वर केलं आणि म्हणाला, 'मॅडम, थांबू या. येईल.' आम्ही थांबलो, म्हणजे साधारण सात मिनिटं. मग आमच्यातल्या एकांनी खिशातून लिंबाएवढा स्पीकर काढला आणि मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावला. मार्गदर्शक काहीतरी पुटपुटला. सहल काढणाऱ्या कंपनीने माहितीपत्रकात 'हमखास' या शब्दाखाली याच पिंगळ्याचा फोटो टाकला होता. बिचारा काय बोलणार?

पिंगळा आला. आमच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला, मान गोल फिरवून खाली बघू लागला. स्पीकर चालूच. त्याने उत्तर दिलं, फांदी बदलली, पुन्हा उत्तर दिलं. एवढ्यात त्याच्याभोवती चार-पाच छोटे पक्षी चिडून ओरडायला लागले. घुबडाचा सुगावा लागला की ते करतातच. ज्याने उंच शेंड्यात लपून बसायचं, त्याला आम्ही भर बाजारात आणून उभं केलं होतं. कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझाही होता, हे लपवत नाही. फोटो उत्तम आलाय. परत फिरताना वाटेत दुसरा गट भेटला. आम्ही शंभर पावलं गेलो नसू, तोच मागून पिंगळ्याचा आवाज आला. आवाज पिंगळ्याचा होता, पण पिंगळा नव्हता.

ध्वनिमुद्रण वाजवलं की पक्षी का येतो? आपल्या हद्दीत कोणी घुसलंय असं त्याला वाटतं म्हणून. तो फोटो द्यायला येत नाही, भांडायला येतो. भांडण्यात वेळ जातो, ताकद जाते, आणि विणीचा काळ असेल तर घरट्याकडे पाठ होते. इक्वेडोरमध्ये दोन जंगली पक्ष्यांवर असा प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पक्षीनिरीक्षक वाजवतात तसेच आवाज वाजवले, तेव्हा सुरुवातीला दोन्ही पक्ष्यांनी जोरदार प्रतिसाद दिला. त्यातला रेन जातीचा पक्षी रोजच्या वाजवण्याला बारा दिवसांत सरावला आणि दुर्लक्ष करू लागला. यावर कोणी म्हणेल, सरावला ना, मग बिघडलं काय? पण पहिल्या दिवसांतली ओढाताण झालीच, आणि सगळे पक्षी असेच सरावतात असंही नाही. संशोधक ध्वनिमुद्रण वापरतात ते एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. सहलीला येणारे रोज नवे असतात. पिंगळा मात्र तोच.

आणि हे सगळं त्या कितुलगलमध्ये, याचं मला जास्त वाईट वाटतं. १९९५ साली याच भागातल्या जंगलात पक्षीतज्ज्ञ दीपाल वारकागोडा यांनी रात्री एक आवाज ऐकला. माहितीतल्या कुठल्याच पक्ष्याशी तो जुळेना. ते त्या आवाजाच्या मागावर राहिले. अखेर २००१ च्या जानेवारीत सिंहराजा नावाच्या जंगलात ते लहानसं तांबूस घुबड प्रत्यक्ष दिसलं. २००४ मध्ये नवी प्रजाती म्हणून त्याची नोंद झाली. सिंहराजातली लाकूडतोड थांबावी म्हणून झटलेल्या थिलो हॉफमन यांचं नाव त्याला दिलं. श्रीलंकेत त्याआधी नवा पक्षी सापडला होता तो १८६८ मध्ये. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं जे कोणाला उमगलं नाही, ते एका माणसाच्या कानाने पकडलं आणि सहा वर्षं धरून ठेवलं. आपल्या लेखात हेच घुबड 'शेवटच्या दिवशी राहिलेलं एक' म्हणून येतं. नावसुद्धा नाही!

कान म्हणजे काय, ते मला सिंहराजात कळलं. जागतिक वारसास्थळ म्हणून १९८८ पासून नाव असलेलं हे जंगल. पायांत जळवांपासून वाचवणारे मोजे, चष्म्यावर वाफ आणि पहिला तासभर एकही पक्षी नाही. आमच्यातले दोघे कुरकुरू लागले. मग स्थानिक मार्गदर्शक एकदम थबकला. मला काही ऐकू आलं नव्हतं. नीट कान दिल्यावर लांबून कलकल आली, आपल्या सातभाईंसारखी. नारिंगी चोचीचे सातभाई होते ते. त्याने हाताने सगळ्यांना खाली बसवलं.

पुढच्या वीस मिनिटांत अख्खं जंगल आमच्या अंगावरून गेलं. पुढे सातभाई, पानं उलटीपालटी करत. जमिनीवर राखी डोक्याचे त्यांचे भाऊबंद, पाचोळा उडवत. मधल्या फांद्यांवर तुरेवाला कोतवाल. त्याच्या जरा मागे ट्रोगन, म्हणजे आपला कर्णा, जागचा न हलता. वर शेंड्यात लाल तोंडाचा मलकोहा, खारीसारखा फांदीवरून पळणारा. मल म्हणजे फूल, कोहा म्हणजे कोकीळ. इंग्रजीने हा शब्द सिंहलीतूनच उचललाय. सगळ्यात शेवटी निळे मॅगपाय आले, चोच आणि पाय लाल, निळा रंग असा की फोटोत उतरतच नाही. एक तर माझ्यापासून दोन हातांवरच्या वेलीवर बसला आणि तोंडातला टोळ पायाखाली धरून पंख तोडत राहिला. त्याला आम्ही बोलावलं नव्हतं. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

या मिश्र थव्यांवर सिंहराजात १९८० च्या दशकापासून नोंदी चालू आहेत. सरथ कोटगम आणि एबेन गुडेल या संशोधकांनी शेकडो थवे मोजले: सरासरी एका थव्यात चाळीसेक पक्षी, अकरा-बारा प्रजातींचे. यातली गंमत कोतवालाची आहे. तो इतर पक्ष्यांचे आवाज काढतो, आणि त्या नकलांनी थवा जमायला मदत होते, असं याच दोघांना आढळलं. म्हणजे जंगलात ध्वनिमुद्रण वाजवणारा आधीपासून आहेच! फरक इतकाच की हा कोतवाल ससाणा दिसला की ओरडून सगळ्यांना सावधही करतो. आमच्या स्पीकरवाल्यांकडून पिंगळ्याला काय मिळालं?

थव्याची चाहूल ज्याला लागली त्या मार्गदर्शकाबद्दल लेखात फक्त 'आमचा गाइड' एवढाच उल्लेख आहे, तोही चहाच्या संदर्भात. पाहुण्यांना आठव्या दिवशी यादी पूर्ण हवी असते, म्हणून त्याच्यावर दाब येतो. तो दाब कंपनी टाकते खरा, पण कंपनीवर आपण टाकतो. आपल्या पुरवणीसारख्या ठिकाणी आकडे छापून येतात तेव्हा त्यात भरच पडते. हॉर्टन प्लेन्स या डोंगरपठारावर पहाटेच्या अंधारात एका डबक्याकाठी शीळकरी कस्तुरासाठी पाच गाड्या उभ्या होत्या आणि तीन मोबाइल एकाच वेळी शीळ घालत होते. तिथे मला थोडं हसूही आलं.

न वाजवता काय दिसतं, तेही सांगते. नुवारा एलिया या थंड हवेच्या गावातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये शोभेची फुलं सोडून सगळे दुर्बिणवाले कडेच्या घाणेरड्या नाल्याशी जमतात. काश्मीरहून येणारा फ्लायकॅचर तिथे, ठिपक्यांचा कस्तूरही तिथेच. अर्धा तास नाक मुठीत धरून उभं राहिल्यावर कचऱ्याच्या पिशवीमागून टुणटुण उड्या मारत नवरंग बाहेर आला. पावसाळ्यात आपल्या रानात ओरडणारा आणि कधी धड न दिसणारा हाच तो. मोराने याचा पोशाख पळवला आणि तेव्हापासून हा तक्रार करत फिरतो, अशी गोष्ट सिंहली लोकांत आहे. त्या दिवशी तो गप्प होता. पानं उलटून किडे खात होता.

एवढं लिहून झाल्यावर कळवते की येत्या फेब्रुवारीत मी पुन्हा जाणार आहे. दोन ठिकाणी चौकशी केली, दोघांना एकच प्रश्न विचारला: आवाज न वाजवता फिरवाल का? पहिल्यांनी रंगीत माहितीपत्रक पाठवलं, प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: 'मॅडम, चालेल. पण लिस्ट लहान होईल.' त्यांना आगाऊ रक्कम पाठवली आहे.

आपली नम्र,
एक जुनी वाचक