मिलची फट, थर्मामीटरचे चार अंश आणि तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: घरी बिअर बनवायचं २० लिटरचं ऑल-ग्रेन अपग्रेड किट सदोष निघाल्याबद्दल आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

तुमच्या ग्राहक सेवेला आज केलेला पाचवा फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. सहावा फोन करणार नाही. किटचे १८,५०० रुपये मोजले आहेत. बिल, फोटो आणि मोजमापं सोबत जोडली आहेत. यापुढे जे बोलायचं ते लेखी.

हे किट तुम्ही ‘एक्स्ट्रॅक्टवरून ऑल-ग्रेनकडे जाणाऱ्या नवशिक्यांसाठी’ म्हणून विकता. एक्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे डबाबंद पाकात, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) दाण्यातून साखर काढायचं काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. डबा उघडला, पाण्यात विरघळवला, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळला की झालं. ऑल-ग्रेनमध्ये तेच काम ग्राहकाच्या स्वयंपाकघरात, भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून होतं (यालाच मॅश म्हणतात), आणि ते तीन वस्तूंवर अवलंबून असतं: दाणे भरडायची मिल, थर्मामीटर आणि फॉल्स बॉटम, म्हणजे भांड्याच्या तळाशी बसणारी जाळी. तुमच्या किटमध्ये नेमक्या याच तीन वस्तू चुकीच्या आहेत.

आधी मिल. फट १ मिलिमीटरवर ठेवून नॉब घट्ट आवळला. अर्धा किलो माल्ट भरडून होईपर्यंत ती १.६ मिलिमीटर झाली होती. फिलर गेज लावून मोजली आहे, अंदाजाने सांगत नाही. नागदेवीच्या कुठल्याही हत्यारांच्या दुकानात ते गेज मिळतं, तुमच्या तपासणी विभागानेही एक घ्यावं. दोष कुठे आहे तेही सांगतो. नॉबचा स्क्रू रोलरच्या गुळगुळीत दांड्यावर नुसता टेकतो, त्याला बसायला खाच नाही. हँडल फिरवताना जी थरथर होते तिने दांडा हळूहळू सरकतो. पुन्हा आवळलं की पुन्हा सरकतो.

वर्तमानपत्रावर मूठभर भरड पसरून १०० दाणे वेचले. २७ दाणे अख्खे निघाले. उरलेल्यांतले बरेचसे नुसते चेपलेले होते. टरफल उचकटून पाहिलं तर पांढरा गर आत तसाच चिकटलेला. नीट भरडलेल्या माल्टचं टरफल बहुतेक शाबूत राहतं पण आतून रिकामं होतं, आणि गराच्या चार-सहा कण्या होतात. टरफल शाबूत हवं कारण पुढे गाळणी तेच करतं, आणि गर फुटलेला हवा कारण त्याशिवाय पाणी आतल्या स्टार्चपर्यंत पोचत नाही. तुमच्या मिलमधून पडलेली भरड गुरांच्या आंबोणाला ठीक आहे, मॅशला नाही.

आता थर्मामीटर. मुंबई समुद्रसपाटीला आहे, इथे पाणी १०० अंशांना उकळतं. खळखळ उकळत्या पाण्यात तुमचा काटा ९५ वर थांबतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेला प्रयोगशाळेचा काचेचा थर्मामीटर शेजारी धरला, तेव्हा मॅशच्या टप्प्यात तुमचा काटा सरळ ४ अंश कमी दाखवतो हे कळलं. खऱ्या ६६ ला तो ६२ म्हणतो. मागच्या बाजूला काटा जुळवायचा स्क्रूही नाही, म्हणजे दुरुस्तीचा मार्गच बंद.

त्यातच तुमच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की ४.५ किलो माल्टवर ७४ अंशांचं १३.५ लिटर पाणी ओता, मॅश ६६ ला बसेल. दाणे १० अंशांवर असतील तर तसं होतं. मे महिन्यात बोरिवलीच्या घरात दाणे ३० अंशांवर असतात. किलोला ३ लिटर पाणी धरलं तर ३० अंशांच्या दाण्यांना ७१ चं पाणी पुरतं, ७४ चं घातलं तर मॅश जवळपास ६९ ला जाऊन बसतो. आणि तुमच्या काट्याचे ७४ म्हणजे खरे ७८. त्या पाण्याने मॅश ७२ ला गेला. ७२ अंशांना बीटा अमायलेज, म्हणजे स्टार्चची साखर करणारं दाण्यातलं एन्झाइम, काही मिनिटांत मरतं. त्याच्या जोडीचं अल्फा अमायलेज काम करत राहतं, पण ते स्टार्चचे मोठे तुकडे करून सोडतं, यीस्टला खाता येईल अशी साखर थोडीच उरते. थंड देशातल्या कुणाच्या तरी पुस्तिकेतला आकडा उचलून तुम्ही मुंबईतल्या माणसाला दिलात. दाण्याचं तापमान मोजा, एवढी एक ओळही त्यात नाही.

तुमच्या जाहिरातीत २० लिटरला १.०४८ ग्रॅव्हिटीचा, म्हणजे साखरेमुळे पाण्यापेक्षा (१.०००) ४८ पॉइंट जास्त घनतेचा वायदा आहे. पहिल्या खेपेला एक ओळ सोडून सगळं पुस्तिकेप्रमाणे केलं, १.०३३ आली. घनता मोजायचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेला असतो आणि वर्ट (मॅशमधून गाळलेलं गोड पाणी) ३० वर होता, त्याचे अडीच पॉइंट मिळवूनच हा आकडा धरला आहे. म्हणजे दाण्यांत होतं त्यातलं निम्मंही हाती आलं नाही. दुसऱ्या खेपेला तुमचा थर्मामीटर बाजूला ठेवला, पाणी खऱ्या ७१ ला घेतलं, मॅश ६६ ला बसला. तरी १.०३४. तिसऱ्या वेळी त्याच पोत्यातला २ किलो माल्ट दुसऱ्या मिलवर १ मिलिमीटरला भरडून घेतला आणि ९ लिटरची छोटी चाचणी केली. भांडं तेच, पाणी तेच, तापमान तेच. १.०४७. एका वेळी एकच गोष्ट बदलली होती. दोष कुठे आहे याबद्दल यानंतर शंका राहू नये.

हे सगळं मी आज फोनवर सांगितलं. मुद्दाम सावकाश सांगितलं. आधी अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं होतं, त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या खेपेच्या आयोडिन चाचणीचाही फोटो पाठवला होता. ९० मिनिटांनंतर, टरफलाचा कण येऊ न देता, वर्टचे दोन थेंब पांढऱ्या बशीत घेतले, वर आयोडिनचा एक थेंब टाकला. कडेपासून आतपर्यंत निळाकाळा रंग पसरला. स्टार्च शिल्लक असल्याची ही खूण शाळेतल्या मुलालाही माहीत असते. तुमचा प्रतिनिधी फोटो पाहून म्हणाला, “सर, कलर तर छान डार्क आलाय, म्हणजे माल्ट चांगला आहे.”

मी म्हटलं, तो बिअरचा रंग नाही, आयोडिनचा आहे. तो म्हणाला, “नवीन लोकांचं असंच होतं सर, तुम्ही काही दिवस एक्स्ट्रॅक्टच वापरा.” मी विचारलं, मिलचा नॉब सरकतो त्याचं काय? त्यावर, “तुम्ही नीट आवळला नसेल.” थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९५ दाखवतो त्याचं काय? “तुमच्याकडचं पाणी वेगळं असेल.” मी वरिष्ठांना जोडायला सांगितलं. चार मिनिटांनी वरिष्ठ आले. त्यांनी नाव सांगितलं नाही, तक्रार क्रमांक विचारला नाही. पहिलंच वाक्य होतं, “सर, घरी बिअर बनवायला महाराष्ट्रात परवाना लागतो, माहीत आहे ना? मग अशी तक्रार तुम्ही कुठे करणार?”

हे वाक्य तुमच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. ते व्यवस्थापनातल्या प्रत्येकाने ऐकावं अशी माझी मागणी आहे.

१९४९ चा दारूबंदी कायदा मला माहीत आहे. माझ्या तिन्ही चाचण्या वर्टवर थांबल्या आहेत. दाणे, पाणी आणि तापमान यापुढे मी गेलो नाही, यीस्टची पुडी सीलबंद फ्रीजमध्ये आहे. पण प्रश्न तुम्हाला आहे. कायदा तुम्हालाही माहीत होता, तर ‘घरच्या घरी’ अशी मोठ्या अक्षरांत जाहिरात करताना तो कुठे गेला होता? खोक्यावर, वेबसाइटवर, पुस्तिकेत, बिलावर परवान्याबद्दल एक अक्षर नाही. पैसे घेताना कायदा आठवत नाही आणि सरकणारा नॉब दाखवला की आठवतो, याला ग्राहकाला धमकावणं म्हणतात. तुमचे एक्स्ट्रॅक्टचे डबे मी विश्वासाने घेत आलो आणि चार जणांना घ्यायला सांगितले. त्या चौघांना आता काय सांगायचं ते मी ठरवलं आहे.

उरलेले दोषही नोंदवून ठेवा. फॉल्स बॉटमचा व्यास ३०.५ सेंटिमीटर आणि भांड्याचा आतला ३२, म्हणजे कडेने सगळीकडे पाऊण सेंटिमीटर फट. दाणे त्यातून खाली उतरतात आणि नळ तुंबतो. भाताचं तूस मिसळलं तर मॅश मोकळा राहतो, पण कडेची फट तुसाने बुजत नाही. नळ तळापासून इतका वर आहे की २ लिटर वर्ट खालीच राहतो, आणि तो ओढून घ्यायला आत नळी दिलेली नाही. नळाचे आटे एनपीटी (अमेरिकन मापाचे), सोबतचा नट बीएसपी (ब्रिटिश मापाचा). अर्धा इंचाला दोन्हीत इंचाला १४ आटे असल्यामुळे नट चढतो आणि बसला असं वाटतं, पण आट्यांचा कोन वेगळा, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळूनही गळतो.

‘एक्स्ट्रॅक्टचं २० लिटरचं भांडंच पुरेल’ हे तुमचं वाक्य खोटं आहे. एक्स्ट्रॅक्टमध्ये १० लिटर उकळून वर साधं पाणी ओतता येतं. इथे तासाभराच्या उकळीत ३-४ लिटर उडतं, म्हणजे शेवटी २० हवे असतील तर सुरुवातीला २४ लिटर भांड्यात हवेत. उतू जायला जागा ठेवायची तर ३५ लिटरचं भांडं लागतं. आणि पुस्तिकेतली ‘कमी पडल्यास साधं पाणी घालून २० लिटर करा’ ही ओळ एक्स्ट्रॅक्टच्या पुस्तिकेतून जशीच्या तशी आलेली आहे. दाण्यांत अडकलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढायची असते. वरून साधं पाणी ओतलं तर ती चोथ्यातच राहते. ती एक ओळ मी पाळली नाही, म्हणून निदान ३३ पॉइंट तरी हाती आले.

वर्ट थंड करायच्या तांब्याच्या कॉइलने ‘२० मिनिटांत २० अंश’ होणं मुंबईत शक्य नाही. मे महिन्यात नळालाच ३० अंशांचं पाणी येतं. कॉइलमधून जे पाणी जातं त्याच्यापेक्षा वर्ट थंड होऊ शकत नाही. बर्फाच्या बादलीत पंप ठेवावा लागतो, हे लिहायला एक ओळ पुरली असती.

माझ्या मागण्या: १८,५०० रुपये परत, किट तुमच्या खर्चाने घेऊन जाणं, आणि आजच्या फोनबद्दल वरिष्ठांच्या नावानिशी लेखी माफी. बदली मिल नको. खाच नसलेला दांडा बदलून खाच नसलेलाच दांडा येणार असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि ७४ चा आकडा पुस्तिकेतून आजच काढा. हे किट घेणारा पुढचा माणूस नवशिकाच असणार, मॅश बिघडला की तो स्वतःलाच दोष देईल आणि सगळं माळ्यावर टाकून देईल.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायचं आहे. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल होईल. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. तुमच्या वरिष्ठांनी विचारलं होतं ना, तक्रार कुठे करणार म्हणून. तिथे करणार.

किट खोक्यात भरून तयार आहे. मिलचा नॉब शेवटचा १ मिलिमीटरवर आवळून ठेवला आहे आणि त्यावर मार्करने रेघ मारली आहे. तुमच्या माणसाने ते उघडल्यावर अर्धा किलो माल्ट भरडावा आणि रेघ कुठे गेली ते बघावं.

आपला ग्राहक,
बोरिवली, मुंबई