सोलर झालं, आता जरा नाल्याकडं पण बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली दिवसाआड सोलरची जाहिरात नाहीतर बातमी असतेच, छतावर पॅनल बसवा, सबसिडी घ्या, बिल झिरो करा. चांगलंच आहे, मी काय सोलरच्या विरोधात बोलणारा माणूस नव्हे. उद्यमबागेत मशिनवर आयुष्य गेलं आणि रिटायर झाल्यापासून गच्चीवर पॅनल, बॅटऱ्या आणि वायरी यांचाच संसार मांडलाय, घरचे वैतागलेत तो भाग वेगळा. पण आपल्या बेळगाव-खानापूर भागात माझ्यासारखे जे छोटे हौशी लोक आहेत (भरपूर आहेत, अनगोळात, वडगावात, येळ्ळुरात, कुठंही विचारा) ते ज्या कारणासाठी ही खटपट करतात ते कारण या जाहिरातींत कुठं येतच नाही. म्हणून हे पत्र, पावसाळ्यातल्या नाल्याच्या पाण्यावर घरापुरती वीज करण्याबद्दल. जरा लांबलंय, वाटलं तर कात्री लावा पण हिशोब तेवढा ठेवा.

महाराष्ट्रातले चंदगडकडचे आमचे पाहुणे आले की पहिला प्रश्न, अजून छतावर सोलर नाही घातलं व्हय? त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, तिकडं महावितरणचं बिल बघून घाम फुटतो, त्यात केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार सबसिडी मिळते, मग माणूस घालणारच. इकडं कर्नाटकात 2023 पासून सरकारची गृहज्योती योजना आहे, 2022-23 ला तुमचा जेवढा सरासरी वापर होता त्यावर 10 टक्के जास्त, आणि जास्तीत जास्त 200 युनिट, फुकट. आता ज्याच्या घरात बिलच झिरो येतंय तो कशाला कर्ज काढून छतावर लाखाचा माल चढवेल? कारखानदार, लॉजवाले, ज्यांचं बिल दणक्यात येतं त्यांनी करावं. साध्या घराला इकडं सोलर पाहिजे ते बिलासाठी नाही, करंट जातो म्हणून.

आणि गंमत अशी की सबसिडीवालं जे साधं सोलर असतं ना, ते करंट गेला की स्वतः पण बंद पडतं. भर दुपारी कडक ऊन, छतावर 3 किलोवॉट, आणि खाली पंखा बंद! बसवणारे हे आधी सांगत नाहीत, आणि नंतर लोक म्हणतात माल डुप्लिकेट दिला. डुप्लिकेट वगैरे काही नाही, तो इन्व्हर्टर मुद्दामच तसा केलेला असतो, लाईन बंद असताना छतावरची वीज बाहेर तारेत गेली तर खांबावर चढलेला लाईनमन मरेल म्हणून. लाईट गेल्यावर पण चालायला पाहिजे असेल तर बॅटरी घ्यावी लागते, आणि बॅटरी आली की हौशी माणसाचं राज्य सुरू होतं. कोण जुन्या इन्व्हर्टरला पॅनल जोडतंय, कोण लिथियम फॉस्फेटचे 3.2 व्होल्टचे चार सेल बांधून 12 व्होल्टचा पॅक करतंय, कोण गोठ्यात डीसी बल्ब लावतंय. हे सगळं उन्हाळ्यात झकास चालतं. ऑक्टोबर ते मे आपल्याकडं ऊन आहे, 1 किलोवॉट पॅनल दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं, तक्रार नाही.

पण करंट जातो कधी? जून-जुलैला. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा या पट्ट्यात एकदा पाऊस लागला की झाड पडलं, तार तुटली, टीसी (ट्रान्सफॉर्मर) गेला हे रोजचंच. हेस्कॉमची (आपली वीज कंपनी) माणसं तरी किती पळतील, रस्ता नाही, चिखल, जंगल, कधी कधी लाईट यायला दिवसच्या दिवस जातात. आणि नेमकं त्याच दिवसांत आभाळ गच्च, 100 वॉटचं पॅनल 10-20 वॉट दिलं तर नशीब. म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हा सोलर सगळ्यात कमी. यावर हौशी माणूस काय करतो, अजून दोन पॅनल वाढवतो, अजून एक बॅटरी आणतो, आणि आठ दिवस ऊन पडलं नाही की सगळं परत थंड. काहीजण छोटी पवनचक्की करून बघतात, पंख्याची मोटर उलटी फिरवून वगैरे, व्हिडिओत बरं दिसतं. पण वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते, आणि झाडं-घरं यांच्या मधला वारा गोल गोल फिरणारा, त्यात चक्की नुसती आवाज करते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घाटमाथ्यावर ज्यांच्या रानात पावसाळ्यात नाला वाहतो त्यांनी पॅनल वाढवायच्या ऐवजी त्या नाल्याकडं बघावं. हे काय मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच राज्यात मलनाडात, चिक्कमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यांत, किलोवॉटभर वीज देणारी छोटी पाणचक्की, ज्याला पिको हायड्रो म्हणतात, ती कित्येक वर्षं चालतेय. आपल्या जिल्ह्यातच गोकाकच्या धबधब्याच्या पाण्यावर 1887 साली सूतगिरणी चालू झाली. आणि आपण शिवारातून पाणी धो धो जाताना बघत अंधारात बसतो, मोबाईल चार्ज करायला बेळगावची बस धरतो.

हिशोब सोपा आहे. पाणी किती मीटर उंचीवरून खाली येतंय, गुणिले सेकंदाला किती लिटर, गुणिले 10, म्हणजे झाले वॉट. त्यातले निम्मे हातात पडतात असं धरा, हौशी कामात त्याच्यावर अपेक्षा करू नये. 10 मीटर उतार आणि सेकंदाला 5 लिटर पाणी असेल तर 500, त्याचे निम्मे 250 वॉट. ऐकायला कमी वाटतं, पण हे रात्रंदिवस चालतं, 24 तासांत 6 युनिट. एवढे युनिट भर पावसात काढायला सोलर किती किलोवॉटचं लागेल तुम्हीच बघा. आणि वीज सतत येत असल्यामुळं बॅटरी पण लहान पुरते, जी सगळ्यात महागाची वस्तू असते.

मोजायला इंजिनिअर बोलवायची गरज नाही. नाल्याला दगड-मातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाईपमधून काढा, खाली 15 लिटरची बादली धरा, मोबाईलवर सेकंद मोजा. 3 सेकंदात भरली म्हणजे सेकंदाला 5 लिटर. उंची मोजायला गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब आणि एक काठी बस्स. फक्त हे ऐन मुसळधार दिवशी मोजू नका, चार दिवस पाऊस उघडल्यावर जे पाणी राहतं ते खरं पाणी.

जांबोटीच्या पुढं एका वाडीत ओळखीचे एक काका आहेत, काजू आणि भात, त्यांच्याकडचं सांगतो. मागच्या डोंगरातून झरा येतो, तिथून 3 इंची काळा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाईप खाली घराच्या मागं आणलाय. वर तोंडाला जाळी, कारण पाला अडकला की सगळं बंद, सकाळी उठून आधी जाळी साफ करायची मग चहा. खाली पाईपच्या तोंडाला बारीक नोझल, त्यातून पाण्याची धार सुटते ती अल्युमिनियमच्या वाट्या बसवलेल्या चाकावर. त्या वाट्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्यानं ओतून दिल्या, पैसे घ्यायला तयार नव्हता, म्हणला चालतंय का नाही ते दाखवा फक्त. आणि चाकाच्या शाफ्टला जोडलीय भंगारात निघालेल्या इलेक्ट्रिक स्कूटरची हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर. ही मोटर फिरवली की उलटी वीज देते, तीन वायरी बाहेर येतात, त्या रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणारा) बॅटरीला. गाडीचा डायनॅमो लावायच्या फंदात पडू नका, त्याला फेरे लई लागतात आणि त्यातली बरीच ताकद त्याची त्यालाच लागते. काकांच्या घरात लाईट, दोन पंखे, टीव्ही, मोबाईल आणि मिक्सर पण, फक्त मिक्सर लावताना टीव्ही बंद करा म्हणून काकूंना सांगून ठेवलंय, त्या करत नाहीत.

एक गोष्ट इथं नीट समजून घ्या, सोलरवाले इथंच फसतात. सोलरचा चार्ज कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनल तोडतो, पॅनलला त्यानं काही होत नाही. पण फिरत्या चाकाचा लोड असा एकदम काढला की चाक मोकाट सुटतं, व्होल्टेज दुप्पट चढतं आणि कंट्रोलर जळून जातो, बेअरिंगचं तर विचारूच नका. म्हणून बॅटरी भरली की वीज दुसरीकडं वळवायची, काकांनी पाण्याच्या टाकीत हीटरची कॉईल सोडलीय. पावसाळ्यात आंघोळीला गरम पाणी, तेवढी लाकडं वाचली.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पाणी असो नाहीतर सोलर, घरात हेस्कॉमची लाईन असेल तर मधे चेंजओव्हर स्विच पाहिजेच पाहिजे, म्हणजे एका वेळी एकतर लाईन नाहीतर आपली वीज, दोन्ही एकत्र जोडले जाणार नाहीत. इन्व्हर्टरची पिन सरळ भिंतीच्या सॉकेटात घालून अख्खं घर चालवणारे शहाणे मी डोळ्यांनी बघितलेत. ती वीज मेन स्विचमधून उलटी खांबावर जाते, टीसीतून उलटी गेली की 230 चे 11 हजार व्होल्ट होतात, आणि तुमचीच तार जोडायला पावसात आलेला माणूस तिथं चिकटतो. एवढं छापताना अक्षर मोठं ठेवा ही विनंती.

आता नाला म्हटलं की काही लोकांना लगेच कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा वादातला प्रकल्प, आठवतो. बाबांनो, यात पाणी कुठं पळवत नाही, वरनं घेतलं, चाकावर मारलं, खाली त्याच नाल्यात सोडलं. मलप्रभेला थेंब कमी नाही आणि म्हादईला पण नाही. मात्र भीमगड अभयारण्याच्या किंवा फॉरेस्टच्या हद्दीत असलं काही परस्पर करू नका, आपल्या मालकीच्या रानातलंच पाणी बघा, आणि खाली कोणाचा पाट असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या, नाहीतर वीज राहील बाजूला आणि भावकीतला वाद सुरू होईल.

हे नाला आटल्यावर काय, असं विचारतील. आटतोच. आपल्याकडं दिवाळी झाली की बऱ्याच ठिकाणी पाणी बसतं, पण तोवर ऊन चालू झालेलं असतं. तीच बॅटरी, तोच इन्व्हर्टर, फक्त वायर नाल्याकडची काढून पॅनलची घालायची (पॅनल आपल्या कंट्रोलरमधूनच हां, सरळ बॅटरीला नाही). वळवाच्या विजा चालू झाल्या की मात्र पॅनलचं अर्थिंग तपासून ठेवा, एप्रिल-मे मधला गडगडाट आपल्याला नवा नाही.

शेवटचं, आपल्या पेपरच्या हातातलं. व्हीटीयूचं, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं मुख्यालय इथं मच्छ्याला, आजूबाजूला एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं, आणि दर वर्षी फायनल इयरची पोरं सूर्याकडं तोंड वळवणारं पॅनल नाहीतर जमिनीवरची रेघ बघून चालणारी छोटी गाडी बनवतात, मार्क घेतात आणि मॉडेल कपाटावर धूळ खातं. मी स्वतः एका कॉलेजात हा पाणचक्कीचा विषय घेऊन गेलो होतो, तिथल्या सरांनी चहा पाजला आणि सांगितलं की यात नवीन काय आहे, रिसर्च पेपर पब्लिश होणार नाही. नसू दे की नवीन! चार पोरांनी खानापूरच्या एका वाडीत पावसाळाभर एक चाक चालवून दाखवलं, कुठं बेअरिंग गेलं, कुठं पाला अडकला हे लिहून ठेवलं, तर आम्ही हौशी लोक लागेल ती मदत करू, लेथ आहे, वेल्डिंग आहे, वेळ तर भरपूर आहे. आपण पेपरातून कॉलेजांना हे विचारावं, आणि जमलं तर जूनच्या आधी घाटमाथ्यावरच्या वाचकांना यंदाच्या पावसाळ्यात बादली आणि मोबाईल घेऊन आपापला नाला मोजायला सांगावं, आकडे आपल्याकडं मागवावेत. ज्यांचं गणित 100 वॉटच्या वर बसतंय त्यांची यादी झाली तर पुढचं काम आम्ही बघतो.

आपला नेहमीचा वाचक,
अनगोळ, बेळगाव