आधी फोटो, मग हातोडा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा. इमारती, कारखाने आणि डोंगर यांचे फोटो काढणे हा माझा व्यवसाय. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहर बदलते आहे आणि ती कामे थांबवा असे माझे म्हणणे नाही. मागणी एकच आहे. जुनी वास्तू पाडण्याआधी, घाटाची पायरी उखडण्याआधी, डोंगराला जेसीबी लावण्याआधी त्या जागेचे शास्त्रशुद्ध छायाचित्रण सक्तीचे करा. फोटोंचा संच जमा झाल्याशिवाय कामाची परवानगी मिळू नये.

यात नवे काही नाही. १८५१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने पाच छायाचित्रकारांना देशातल्या जुन्या वास्तू टिपायला धाडले होते. १८५५ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांना याच कामावर नेमले आणि त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळेचे फोटो काढले. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळकेसुद्धा चित्रपटाकडे वळण्याआधी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार होते. कॅमेरा, तिवई आणि रसायने लादून फिरावे लागे त्या काळात जे जमले, ते आज न जमायला कारण नाही.

जुन्या नाशकात पावसाळा आला की एखादा वाडा ढासळल्याची बातमी येते, सोबत ढिगाऱ्याचा फोटो. त्या ढिगाऱ्यातून काय कळणार? तुळई भिंतीत कशी बसवली होती, कडीपाटाच्या कड्यांमध्ये किती अंतर होते, सुताराने महिरपीवर कोणती वेल कोरली होती, चौकातले ऊन ओसरीवर कुठवर येत होते, हे वाडा उभा असतानाच टिपता येते. त्यासाठी कॅमेरा भिंतीसमोर समतल लावावा लागतो. तो वर झुकवला की खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे कलतात आणि फोटोवरून माप घेता येत नाही. चौकटीत मापपट्टी ठेवावी लागते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यावा, अशा बेताने सगळा वाडा टिपला, तर संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी करता येते. वाडा गेला तरी त्याची बांधणी पुढच्या सुताराला, वास्तुविशारदाला वाचता येते.

काळाराम मंदिर किंवा सिन्नरचे गोंदेश्वर टिपणे त्याहून अवघड. काळा पाषाण प्रकाश गिळतो आणि कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर त्याला करडा करून ठेवते. शिल्पपट्टांचे बारकावे हवे असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहावी लागते. साइटवरच्या अभियंत्याने भर दुपारी मोबाइलवर काढलेले चार फोटो फाइलला लावले म्हणजे काम झाले, असे कृपया मानू नका.

कारखान्यांना तर आपण वारसा मानतच नाही, याचे मला फार वाईट वाटते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातले सुरुवातीचे दोन संच कधीच बंद झाले. तिथे आणि सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींत इथल्या पिढ्या राबल्या. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पुढे अनेक दशके पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या ढगाळ उजेडात, समोरून, एकाच शिस्तीने टिपल्या. त्यातल्या कितीतरी आज जागेवर नाहीत. त्यांची रचना अभ्यासायची तर हेच फोटो आधाराला आहेत.

आमच्याकडे मात्र सार्वजनिक रस्त्यावर तिवई लावली तरी सुरक्षारक्षक येऊन फोटो पुसायला सांगतात. नोटांचा छापखाना, ओझरचा विमान कारखाना, देवळालीचा लष्करी परिसर इथली बंदी योग्यच आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण बाकीच्या ठिकाणांचे काय? वास्तूचा फोटो काढणे व छापणे हा स्वामित्वहक्काचा भंग नाही, असे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच म्हटले आहे. कुठे मनाई आहे आणि कुठे नाही, याची मराठीतली एक स्पष्ट यादी जिल्ह्यासाठी निघाली तर रस्त्यावरचे निम्मे वाद मिटतील.

डोंगरांचे छायाचित्रण मात्र एकदा करून भागत नाही. २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातला साल्हेर किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, अभिमान वाटला. पण याच जिल्ह्यात सारूळकडचे डोंगर खडीसाठी पोखरले गेले आणि ते आधी नेमके कसे होते हे दाखवायला सरकारी फोटो कुठे शोधायचा? ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, धोडप, अंकाई-टंकाई यांच्यासमोर कायमचे बिंदू ठरवून तिथे दगड रोवावेत. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, दरवर्षी एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात फोटो काढावा. डोंगर किती कापला गेला, झाडी कुठे विरळ झाली, हे मग कुणालाही दिसेल.

पुरातत्त्व आणि पुराभिलेख ही दोन्ही संचालनालये आपल्याच खात्यात आहेत. एकाने टिपावे, दुसऱ्याने जपावे आणि सगळे फोटो लोकांना विनामूल्य पाहता यावेत. आपल्या देवळांचे जुने फोटो शोधायला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे वळण्याची वेळ पुढच्या पिढीवर येऊ नये. सिंहस्थाच्या प्रत्येक निविदेत छायाचित्रणाचे एक कलम आणि त्यासाठी वेगळी तरतूद, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. शहरात छायाचित्रकार आहेत, वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत, आणि मी स्वतः या कामाला वेळ द्यायला तयार आहे. ज्या वास्तूंवर पाडकामाच्या नोटिसा लागल्या आहेत, त्यांच्यापुरता तरी आदेश आधी काढावा, ही विनंती.

आपला,
नाशिकचा एक छायाचित्रकार