गजर वाजतो, पण पाकीट संपलेले असते

महोदय,

अँजिओप्लास्टी करून घरी निघालेल्या रुग्णाला हल्ली फाइलबरोबर एखादे अ‍ॅप टाकून घेण्याचाही सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही. पण बहुतेक घरांत फोनकडून अर्धेच काम करून घेतले जाते. गोळीच्या वेळेचा गजर लागतो, गोळ्या संपत आल्याचा लागत नाही. औषध चुकते ते फक्त विसरल्यामुळे नव्हे. पाकीट संपते आणि दोन दिवस कोणाला दुकानात जायला होत नाही. रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने कोरडा खोकला लागतो म्हणून ती परस्पर बंद होते. दात काढायचा म्हणून कोणीतरी अ‍ॅस्पिरिन थांबवायला सांगते आणि ती पुन्हा सुरू करायची राहूनच जाते. यातले गजराला काहीच कळत नाही.

स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, टाकल्यावर रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या असतात : अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ७५ किंवा टिकाग्रेलोर ९०. हार्ट अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर चालते. नेमकी मुदत हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. ती मध्येच तुटली तर स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो, आणि हा धोका सुरुवातीच्या महिन्यात सर्वांत जास्त. क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदा, टिकाग्रेलोर मात्र दर बारा तासांनी. हिचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून रात्रीची गोळी राहून चालत नाही. एखादी चुकलीच तर पुढची ठरल्या वेळी एकच घ्यायची, दोन एकदम कधीही नाहीत.

गजरासाठी फोनमधले साधे घड्याळ पुरते, कीपॅडच्या फोनमधलेसुद्धा. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप बंद पाडतात, आणि चार दिवसांनी आठवण येणेच थांबते. अ‍ॅप हवेच असेल तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरी वापरावरचे निर्बंध काढा आणि नोटिफिकेशनची परवानगी द्या. गजराला 'गोळी' एवढेच नाव नको. 'रात्री ९, टिकाग्रेलोर, जेवणानंतर १' असे लिहा. फोन दिवाणखान्यात आणि गोळ्या स्वयंपाकघरात असतील तर गजर बंद होतो आणि गोळी राहते. म्हणून त्या वेळेला दोन्ही एका जागी ठेवा, आधी गोळी घ्या, मगच गजर बंद करा. दुपारी एक ते चार फोन गप्प ठेवणाऱ्या पुणेकरांनी दुपारची गोळी सकाळकडे किंवा रात्रीकडे सरकवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता पाकिटाचा हिशेब. समजा, अ‍ॅस्पिरिनचे पाकीट १४ गोळ्यांचे, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचे १० चे, रक्तदाबाच्या गोळीचे १५ चे. तिन्ही एकाच दिवशी आणली तरी संपतात तीन वेगळ्या दिवशी. टिकाग्रेलोरच्या १४ गोळ्या तर सातच दिवस पुरतात. उरलेल्या गोळ्यांना रोजच्या गोळ्यांनी भागा, त्यातून सात दिवस वजा करा आणि जे औषध सर्वांत आधी संपणार त्याची, तितक्या दिवसांनंतरची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. दिवाळीच्या आणि गणपतीच्या दिवसांत दहा वजा करा. हा एक गजर रोजच्या तीन गजरांइतकाच महत्त्वाचा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

फोनच्या कॅमेऱ्याचाही उपयोग करा. पाकिटाच्या मागच्या बाजूचा, घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा फोटो ठेवा. दुकानदाराने कंपनी बदलली की जुन्या आणि नव्या पाकिटातून एकच औषध दुप्पट घेतले जाते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोरव्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल सुरू झाल्यावर जुनी सुटी अ‍ॅस्पिरिनही चालूच राहते. फोटोशी ताडून पाहिले तर ते तिथल्या तिथे लक्षात येते.

नुसत्या मेसेजवर फार भिस्त ठेवू नये. सिडनीतल्या ७१० हृदयरुग्णांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना सहा महिने आठवड्याला चार एसएमएस पाठवले. त्यांचे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब इतरांपेक्षा कमी राहिले. पण नंतर ऑस्ट्रेलियातच १,४२४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात मेसेजमुळे गोळ्यांची नियमितता वाढलेली दिसली नाही. म्हणून मेसेजने सांगण्याबरोबर विचारलेही पाहिजे. 'गोळी बंद केली आहे का? असल्यास मिस्ड कॉल द्या', आणि मिस्ड कॉल आला की माणसाने उलट फोन करावा.

शहरातल्या खासगी रुग्णालयांकडून आणि महापालिकेच्या दवाखान्यांकडून आमची मागणी एवढीच आहे. डिस्चार्जच्या वेळी बिल तयार होईपर्यंत दहा मिनिटे काढून परिचारिकेने किंवा फार्मासिस्टने रुग्णाच्याच फोनमध्ये गजर लावून द्यावेत, पाकिटाची तारीख टाकावी आणि घरातल्या एकाला ते दाखवावे. मेसेज मराठीत असावेत. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच मावतात आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे मजकूर आखूड हवा : 'गोळ्या सात दिवसांच्याच उरल्या. आज आणा.' व्हॉट्सअ‍ॅपवर हाच मेसेज शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मराठीत बोलणारा कॉल जावा.

जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटला गजर लावू नये. ती छातीत दुखू लागल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, बसूनच घ्यायची असते. तिच्या नावापुढे फोनमध्ये १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मात्र जरूर लिहून ठेवावा.

हृदयरुग्णांना औषधांविषयी मार्गदर्शन करणारे काही फार्मासिस्ट, पुणे