उषेचं राज्य

व्हिएन्ना, 14 डिसेंबर

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे ऐन उन्हाळा असेल ना?" तेव्हा खिडकीबाहेर बर्फ पडत होता. अरे, लेक ऑस्ट्रियात आहे, ऑस्ट्रेलियात नव्हे! पण तुला तरी काय बोलू? ऑस्ट्रेलिया हे नाव लॅटिनमधल्या दक्षिणेवरून आलं आणि ऑस्ट्रिया जर्मनमधल्या पूर्वेला लॅटिन झगा चढवून.

इथली माणसं 'ओस्टरराइश' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं राज्य. डच लोक 'ओस्टेनरेइक' म्हणतात, स्वीडिश 'ओस्टररीके', आणि डॅनिश माणसं शेवटचं अक्षर गिळून नुसतं 'ओस्ट्री'. इंग्रजी खरं तर याच घरातली, पण तिनं लॅटिन रूप उचललं आणि आपण तेच तिच्याकडून घेतलं.

पण पूर्व कुणाची? शेजारच्या बव्हेरियाची, म्हणजे आजच्या जर्मनीच्या दक्षिण भागाची! नाव ठेवणारे पश्चिमेला उभे होते. हे नाव लिहिलेलं सर्वांत जुनं ज्ञात कागदपत्र 1 नोव्हेंबर 996चं आहे. सम्राट तिसऱ्या ओट्टोनं फ्रायझिंगच्या बिशपला नॉयहोफेनची जमीन दिली. आपल्याकडच्या इनामाच्या सनदेसारखाच प्रकार. त्यात 'लोकभाषेत ओस्टर्रिखी म्हणतात तो मुलूख' असं म्हटलंय. गंमत म्हणजे ती सनद आज म्युनिकला, शेजाऱ्याच्या कपाटात आहे. 1996 साली यांनी नावाची हजारी मात्र थाटात केली.

1938मध्ये हिटलरनं देश गिळला आणि नाव केलं 'ओस्टमार्क', म्हणजे पूर्वेचा सरहद्द-प्रांत. पूर्व ठेवली, राज्य काढून घेतलं. पुढं तेही नाव नकोसं झालं. जुनं नाव परतलं ते 1945मध्ये.

आता तुझ्यासाठी राखून ठेवलेलं. तू जन्मभर संस्कृत शिकवलंस ना? हा 'ओस्ट', इंग्रजीतला 'ईस्ट' आणि आपली 'उषस्' एकाच धातूच्या लेकी. 'राइश' आणि 'राजन्' यांचंही मूळ एकच. फक्त जर्मन कुळातल्या भाषांकडे तो शब्द केल्टिक शेजाऱ्यांकडून आला असावा. म्हणजे मी सध्या उषेच्या राज्यात राहतोय, आणि सूर्य उगवतो पावणेआठच्या सुमारास!

वहिनींना नमस्कार सांग. लाडवांचा डबा पाठवलास तर पत्त्यात ओस्टरराइश असंच लिही. मागचा डबा सिडनी पाहून आला.

तुझा,
वसंता

ता. क. चेक शेजारी याला 'राकोउस्को' म्हणतात, सीमेजवळच्या राब्स नावाच्या गढीवरून. त्यांना ना पूर्वेशी देणंघेणं, ना उषेशी.