महूच्या सराव मैदानांतील न फुटलेले गोळे: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली.

महोदय,

इंदूरलगतच्या महू परिसरात लष्कराची गोळीबार सरावाची मैदाने आहेत. पितळ-तांबे विकून चार पैसे सुटतात म्हणून कडेच्या गावांतील माणसे जिवावर उदार होऊन तिथले भंगार वेचतात. सरावाच्या जमिनींविषयीच्या १९३८ च्या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण भरपाई स्फोटानंतर मिळते. माझी विनंती स्फोटाआधीच्या कामाविषयी, म्हणजे भंगारात दडलेले न फुटलेले गोळे शोधून काढण्याविषयी आहे.

साधा मेटल डिटेक्टर न फुटलेल्या गोळ्यावर वाजतो, तसाच फुटलेल्या गोळ्याच्या कपच्यावरही वाजतो. एक खरा गोळा हाती लागेपर्यंत साधारण शंभर खड्डे खणावे लागतात, असे अमेरिकेच्या संरक्षण विज्ञान मंडळाने २००३ मध्ये नोंदवले होते. नव्या विद्युतचुंबकीय उपकरणांतून मात्र अधिक कळते. जमिनीत सोडलेला चुंबकीय स्पंद थांबला की धातूत उठलेले प्रवाह जाड कवचात सावकाश विरतात आणि पातळ तुकड्यात लवकर. शिवाय गोळा लांबट व गोल घडणीचा असल्याने त्याचा तीनपैकी दोन दिशांचा प्रतिसाद सारखा येतो, तर वेडावाकडा तुकडा तिन्ही दिशांना निराळा वागतो. या खुणांवर संगणकाला शिकवून अलाबामातील कॅम्प सायबर्ट येथे २००७ मध्ये चाचण्या झाल्या आणि पुढे इतर मैदानांवरही झाल्या.

तरीही तिथे शिकवून तयार झालेले संगणकीय प्रारूप (मॉडेल) इथे आणून चालणार नाही, हे मी आग्रहाने सांगतो. माळव्याची काळी माती बेसॉल्टपासून बनलेली आहे, आणि अशा मातीतील लोहखनिजे स्वतःच उपकरणाला प्रतिसाद देतात. हवाई बेटांपैकी काहोओलावे येथे धातू नसलेल्या जागाही त्यामुळेच खणाव्या लागल्या. त्यात आपली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून निष्क्रिय केलेले गोळे आणि खरे भंगार याच मातीत मोजलेल्या खोलीवर पुरून, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्थानिक नोंदी घेतल्या पाहिजेत. महूचे लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सिमरोलची आयआयटी शेजारीच आहेत. हे काम त्यांच्याकडे संयुक्तपणे सोपवावे.

यशाचे मापही आधीच ठरवावे. शंभरातील नव्याण्णव वस्तू भंगार असतील, तर सगळ्यांनाच भंगार म्हणणारे प्रारूपही नव्याण्णव टक्के अचूक ठरते आणि नेमका गोळा जमिनीत राहतो. तेव्हा अचूकतेची टक्केवारी बाजूला ठेवून किती गोळे सुटले, हेच पाहावे. संगणकाला खात्री नसेल ती प्रत्येक जागा खणावी. आणि भंगार म्हणून सोडलेल्या जागांपैकी काही जागा पथकाने पडताळणीसाठी उकराव्यात. पडताळणीचे निकाल ग्रामपंचायतींना मराठी-हिंदीत कळवावेत, कारण त्या जमिनीच्या कडेने रोज चालणाऱ्यांना ते आधी कळले पाहिजेत.

आपला विश्वासू,
इंदूरचा एक नागरिक