निवृत्त शिक्षकांना गावच्या शाळेत जागा हवी, पद नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील प्राथमिक शिक्षक वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त होतो. त्यानंतर शासनाशी त्याचा संबंध उरतो तो निवृत्तिवेतनापुरता आणि दर नोव्हेंबरात द्यायच्या हयातीच्या दाखल्यापुरता. हात-पाय धड असलेल्या, तीन-साडेतीन दशके पहिली ते चौथीची मुले हाताळलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. झाला तो एकाच बाजूने, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

शासनाने जुलै 2023 मध्ये निर्णय घेऊन जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना कंत्राटी नेमणूक देण्याचे ठरवले. मानधन दरमहा 20,000 रुपये आणि वयोमर्यादा 70 वर्षे होती. नियमित भरती होईपर्यंतची ही सोय असल्याचे सांगितले गेले आणि शिक्षकच नसलेल्या वर्गाची अडचण मी नाकारत नाही. तरीही डी.एड. करून, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारी मुले-मुली माझ्याच विद्यार्थ्यांपैकी आहेत. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने त्यांच्या जागेवर बसावे हे मला पटले नाही, म्हणून मी अर्ज केला नाही. ज्यांनी केला त्यांना मी दोष देत नाही. परंतु रिकामी जागा स्वस्तात भरून काढणे हा निवृत्त शिक्षकाचा उपयोग नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

खरे काम शाळा सुटल्यावर सुरू होते. आमचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. मुले सोबत गेली की त्यांचे वर्ष बुडाल्यातच जमा असते. ती गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिच्यामुळे मुलांच्या जेवणाची सोय होते, पण मुले राहतात घरीच आणि संध्याकाळी तिथे असते ती थकलेली आजी, आणि पुष्कळदा तिला अक्षरओळख नसते. अशा घरातल्या तिसरीच्या मुलाला जोडाक्षर अडले किंवा हातच्याची वजाबाकी जमली नाही, तर विचारायचे कोणाला? वर्गावरच्या शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-दोन, कधी चारही इयत्ता असतात, शिवाय माहिती भरून पाठवण्याचे काम संपत नाही. एका मुलाजवळ अर्धा तास बसून तो नेमका कुठे अडखळतो हे शोधायला त्याला सवड मिळत नाही. ती सवड आता आमच्याजवळ आहे. नोकरीत असताना मी पाठ पूर्ण करण्यामागे असे. आता एकाच मुलाकडून एकच परिच्छेद हवा तितक्या वेळा वाचून घेता येतो आणि वाचनातली अडखळ किती वेगवेगळ्या कारणांनी येते, हे मला आता कुठे नीट दिसू लागले आहे. कोणाला अक्षरे येतात पण मात्रा चुकतात, कोणाला डोळ्यांनी फळ्यावरचे दिसत नाही आणि हे घरात कोणाच्या लक्षातच आलेले नसते.

मोठ्यांच्या साक्षरतेचेही तसेच आहे. 15 वर्षांवरील निरक्षरांसाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतो. सासुरवाशीण म्हणून गावात आलेली आणि आता नातवंडे झालेली बाई आपल्या मुलाच्या गुरुजींसमोर पाटी घ्यायला संकोचत नाही, हा अनुभव मी घेतो आहे.

अडचण पैशाची नाही, अधिकृतपणाची आहे. शाळेची एक खोली संध्याकाळी उघडून द्यायची तर मुख्याध्यापक बिचकतात आणि ते स्वाभाविक आहे, कारण काही झाले तर जबाबदारी त्यांच्यावर येते. मुलांना कोणाच्या तरी ओट्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात बसवावे लागते. तिथे दिवा पुरत नाही आणि शाळेच्या कपाटातली पुस्तके तिथवर येत नाहीत. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पंचायत समितीने स्वेच्छेने काम करू इच्छिणाऱ्या सेवानिवृत्त शिक्षकांची नोंद ठेवावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्यांना गावच्या शाळेत ठरावीक वेळी बसण्याचे लेखी पत्र द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही स्थान आहे. त्या जागेसाठी गावातल्या निवृत्त शिक्षिकेचा किंवा शिक्षकाचा विचार पालकांनी आधी करावा. मानधनाची मागणी नाही, आणि वर्गातल्या शिक्षकाच्या कामात ढवळाढवळ करण्याचा अधिकारही आम्हाला नको.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला विनंती आहे की, हे पत्र देण्याचे काम येत्या गळीत हंगामाआधी पूर्ण करावे. एकदा ट्रॅक्टर गावातून निघाले की मूल मागे ठेवायचे की सोबत न्यायचे, हा निर्णय आई-बापांनी घेतलेला असतो. संध्याकाळी मुलांकडे पाहणारे कोणीतरी शाळेत आहे, हे त्यांना त्याआधी कळले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. पाटोदा, जि. बीड